मागचा वारा

रात्री दहानंतर वीज स्वस्त होते,
म्हणून ब्राउनश्वाइगचं हे बोगद्यातलं वादळ
कायम रात्रपाळीला.

व्हीब्के ल्यूर्स कोट खुंटीला अडकवते
आणि तळघरातल्या ग्रेव्हेला
टेलिफोनवर एकच शब्द सांगते: सोड.
पंखा घरघरतो. मग घुमतो. मग
त्याचा आवाज आवाज राहत नाही,
खोलीची पाचवी भिंत होतो.
पंखा वारा देतो, पंख तो सोसतो,
आम्ही काचेच्या अलीकडे पेन्सिलींना टोक काढतो.

पहिल्याच हिवाळ्यात मी विचारलं होतं,
पंखाला सरळ काट्यावरच का नाही तोलत?
ती म्हणाली, काटा सगळंच तोलतो रे,
पंख, त्याला धरणारा दांडा, दांड्याच्या तारा,
वर तुझा-माझा गाढवपणा.
किती नेलं, हे चोराला विचारू नये.
ज्याच्या घरून गेलं त्याला विचारावं.

म्हणून आम्ही वाऱ्याला विचारतो,
पंखाच्या मागे, जिथे पंख संपलेला असतो.
तिथे पितळेची फणी, एकेचाळीस दातांची,
प्रत्येक दात पोकळ, वाऱ्याकडे तोंड करून.
रबरी नळ्या भिंतीतून इकडे येतात
आणि काचेत लाल स्पिरिट चढतं.
कडेचे स्तंभ एका उंचीवर, प्रार्थनेच्या रांगेसारखे.
मधले आठ-नऊ मात्र खाली वाकलेले.
तो खळगा म्हणजे हिशेब.
वाऱ्याचं जे गेलं, तेवढंच पंखाला पडलं ओझं.
कमी नाही, जास्त नाही,
फक्त घाई करायची नाही:
लांब नळ्यांना बातमी उशिरा पोचते.

तेविसावी नळी खोटं बोलत होती.
मी बावीस आणि चोवीसची सरासरी लिहायला घेतली
तर तिने पेन्सिलच काढून घेतली हातातून.
शेजाऱ्यांना विचारून कुणाची हकिगत लिहितात का?
मग गुडघ्यांवर बसून, बोट थुंकीने ओलं करून
ती रबरावर वीत-वीत चाचपत गेली
आणि कोपऱ्याशी एक बुडबुडा फुगला,
मोहरीएवढा.
त्या रात्री आम्ही सगळं पुन्हा मोजलं.
ग्रेव्हेने तळघरातून शिव्या दिल्या, तारेवरून,
अगदी सभ्य शिव्या.

फेब्रुवारीत नमुन्याच्या नाकावर प्रॉपेलर बसवला.
आता खळग्याशेजारी टेकडी उठली काचेत:
पंखाने लुटलेलं एका बाजूला,
पात्यांनी ओतलेलं दुसऱ्या.
फणी बोटबोट सरकवत आम्ही तीन रात्री काढल्या,
वेग वाढवला, उतरवला, पुन्हा वाढवला,
आणि पहाटे चारला माझी बेरीज आली
शून्य.
मी ओरडलोच. ओढ तेवढीच, जोर तेवढाच,
विमान सरळ चाललंय, आणि मागे
झालंच नाही काही!

ती हसली नाही. तिने तक्ता उलटा धरला,
सुलटा धरला, खळग्यावरून बोट फिरवलं,
टेकडीवरून फिरवलं.
बेरीज शून्य आहे, म्हणाली.
वारा शून्य नाही.
मग पंखा थांबायच्या आत तिने झडप उघडून
लोकरीचा एक धागा काठीला बांधून आत धरला.
नमुन्याच्या पुढे धागा ताठ, सुतारी रेघ.
मागे तो वेडापिसा.
बराच वेळ पाहत राहिलो. कुणी काही लिहिलं नाही.

सहाला बाहेर पडलो तर ओकर नदीच्या काठाने
अस्सल वारा, मोफत, कुणी न चालवलेला,
सरळ तोंडावर.
तीन सायकली. पुढे ग्रेव्हे, 
बंबासारखी त्याची पाठ, वर मेंढीच्या कातड्याचा कोट.
त्याच्या मागे ये, व्हीब्के म्हणाली, अजून जवळ.
मी चाक त्याच्या चाकाला भिडवलं
आणि कान अचानक गरम झाले.
तोच खळगा. काचेशिवायचा, आकड्यांशिवायचा.
त्या माणसाने वाऱ्याकडून हिसकावलेल्या जागेत
मी पाय न मारल्यासारखा चाललो होतो,
किती वेळ, कोण जाणे,
पुलाच्या वळणावर तो मागे न बघता
खेकसेपर्यंत:
मेल्यांनो, आता कुणीतरी पुढे या!